माझी छोटी आगगाडी

मी आरे कॉलनीत राहतो. मे महिन्यात मामाने मला पुण्याला कोथरूडच्या जोशी लघुरेल्वे संग्रहालयात नेले. भाऊ जोशी यांचे हे संग्रहालय 1998 साली सुरू झाले. अशा पुष्कळ गाड्या खऱ्या गाडीच्या 87 पट लहान असतात. साडेतेवीस मीटरचा डबा 27 सेंटिमीटरचा होतो, म्हणजे माझ्या मोठ्या पट्टीपेक्षा लहान!

मामाने मला त्याचे जुने इंजिन, दोन डबे नि रूळ दिले. पण घरी इंजिन हलेचना. बाबा म्हणाले, "भंगारात दे." मला रडूच आले.

मामाने सांगितले होते, की वीज रुळांतून चाकांत येते नि चाकांतून मोटारीत जाते. मी पाहिले तर रुळांवर काळा मळ! त्याने वीज अडत होती. मी रूळ खोडरबराने घासले, चाके फडक्याने पुसली. इंजिन धावू लागले! तारा उलट जोडल्या की ते मागे जाते.

गाडीला 12 व्होल्टच पुरतात. म्हणून तिचा ट्रान्सफॉर्मर लागतो. घरच्या प्लगची वायर रुळांना कधीही जोडू नये.

आता बाबाच संध्याकाळी विचारतात, "काय रे, गाडी सुटली का?"

— इयत्ता चौथी