सोन गेला, डावीकडे आता कोण?

2025 च्या ऑगस्टमध्ये एका रविवारी सोलमध्ये न्यूकॅसलविरुद्धच्या मैत्रीपूर्ण सामन्यात टॉटनहॅमच्या सोन ह्युंग-मिनला बाहेर बोलावलं, तेव्हा दोन्ही संघांच्या खेळाडूंनी दुतर्फा उभं राहून त्याला मानवंदना दिली. तो रडला, स्टेडियम रडलं. त्यानंतरच्या बुधवारी लॉस एंजेलिसमध्ये एलएएफसी या नव्या क्लबचा शर्ट हातात धरून त्याचे फोटोही निघाले. टॉटनहॅममध्ये दहा वर्षं, 454 सामने, 173 गोल आणि 33 व्या वर्षी निरोप. बातम्यांमधली किंमत दोन कोटी पौंडांच्या आसपास होती. अमेरिकी लीगमध्ये तोवर एवढा पैसा कुठल्याही खेळाडूवर कुणी टाकला नव्हता.

जायचं सोननेच ठरवलं आणि क्लबने त्याच्या इच्छेचा मान राखला, असं सांगितलं गेलं. त्यात खोटं काही नसावं. पण तिशी ओलांडलेल्या, करारात एकच वर्ष उरलेल्या खेळाडूच्या इच्छेचा मान क्लब इतक्या तत्परतेने राखतो, तेव्हा त्या इच्छेचा आणि क्लबच्या हिशेबाचा मेळ आधीच बसलेला असतो. टॉटनहॅमच्याच हॅरी केनची जायची इच्छा मात्र 2021 मध्ये राखली गेली नव्हती. त्याच्या करारात तेव्हा तीन वर्षं शिल्लक होती.

हिशेब सोपा आहे. खेळाडू विकत घेतला की त्याची किंमत कराराच्या वर्षांवर विभागून दरवर्षी वहीतून वजा होते, कारखान्यातल्या यंत्रावर घसारा लावतात तशी. सोनला 2015 मध्ये लेव्हरकुसेनकडून सुमारे 2.2 कोटी पौंडांना आणलं होतं. ती किंमत वहीत कधीच शून्यावर आली. त्यामुळे या विक्रीचे दोन कोटी जवळजवळ सगळेच्या सगळे नफ्याच्या रकान्यात गेले. तीन वर्षांत मिळून 10.5 कोटी पौंडांपेक्षा जास्त तोटा दाखवायचा नाही, असा तेव्हा प्रीमियर लीगचा नियम होता. त्यामुळे हा रकाना क्लबना प्राणप्रिय. पुढच्या उन्हाळ्यात हाच सोन फुकट गेला असता. शिवाय लीगमधले त्याचे गोल 17 वरून एका हंगामात 7 वर आलेले. त्याच वर्षी मे महिन्यात बिल्बाओला युरोपा लीगची अंतिम लढत सुरू झाली तेव्हा कर्णधार बाकावर होता आणि 67 व्या मिनिटाला बदली म्हणून आत आला. लेखापालाला याहून जास्त पुरावा लागत नाही.

मला मात्र लेखापालाइतकाच रस आहे तो आर्सेन वेंगर या माणसात. स्ट्रासबूर्गला अर्थशास्त्र शिकलेला हा माणूस आर्सेनलमध्ये 22 वर्षं प्रशिक्षक होता. वयस्क ताऱ्याचं काय करायचं याचं इतकं थंड डोक्याने काढलेलं उत्तर दुसऱ्या कुणाकडे क्वचितच सापडेल. तिशी ओलांडली की एकेका वर्षाचाच करार, हा त्याचा शिरस्ता. डेनिस बर्गकॅम्पने तो मुकाट मान्य केला आणि दरवर्षी नवी सही करत 37 व्या वर्षापर्यंत खेळला. रॉबेर पिरेसला तो मानवला नाही. 2006 मध्ये व्हियारेआलने दोन वर्षं देऊ केली आणि तो गेला.

पण वेंगरचा खरा धडा पॅट्रिक व्हिएरा. 2005 च्या एफए कप अंतिम सामन्यात मँचेस्टर युनायटेडविरुद्ध पेनल्टी शूटआउटची शेवटची, विजयी किक कर्णधार व्हिएराने मारली. आर्सेनलसाठी त्याने चेंडूला लावलेला तो शेवटचा पाय. दोन महिन्यांत तो 29 व्या वर्षी सुमारे 1.37 कोटी पौंडांना युव्हेंटसला विकला गेला. चाहत्यांनी बोटं मोडली. पुढच्या मार्चमध्ये चॅम्पियन्स लीगच्या उपांत्यपूर्व फेरीत युव्हेंटस आर्सेनलच्या मैदानावर, हायबरीला आलं. पहिल्या अर्धात पिरेसने व्हिएराच्या पायातून चेंडू हिसकावला, तो स्ट्रायकर आन्रीकडे गेला, आन्रीकडून सेस्क फाब्रेगासकडे, आणि अठरा वर्षांच्या फाब्रेगासने गोलरक्षक बुफॉनला चकवून गोल केला. दुसऱ्या अर्धात त्यानेच आन्रीला गोल करून दिला. 2-0. व्हिएराची जागा ज्याला द्यायची तो पोरगा संघात तयार होता, म्हणून ती विक्री चतुराईची ठरली. आन्री 2007 मध्ये बार्सिलोनाला गेला तेव्हा त्याच्या मागे असा कुणी उभा नव्हता. नव्या स्टेडियमचं कर्ज होतं, वेंगरचा जमाखर्च चोख होता, आणि 2005 नंतरचा पहिला चषक आर्सेनलला मिळायला 2014 उजाडलं.

माझं म्हणणं एवढंच: ‘याचं वय किती’ हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते ‘याच्या जागी उद्या कोण’. वयाचा नियम सोपा असतो, बैठकीत मांडायला बरा असतो, म्हणून संचालकांना तो आवडतो. मिलानने 2011 मध्ये अशाच नियमापायी 32 वर्षांच्या आंद्रेआ पिर्लोला फुकट जाऊ दिलं. तो युव्हेंटसला गेला आणि त्यांनी सलग चार वेळा लीग जिंकली. पिर्लो कधी धावण्यावर जगलाच नव्हता. त्याचं काय म्हातारं होणार होतं? पळण्यावर पोट असलेल्या विंगरला तिशी जाचते. डोक्याने खेळणारा मधल्या फळीतला माणूस लुका मॉड्रिचसारखा एकेका वर्षाच्या करारावर रेआल माद्रिदमध्ये 39 पर्यंत टिकतो.

बार्सिलोनाने तर 2020 मध्ये कमालच केली. क्लबसाठी 198 गोल केलेल्या 33 वर्षांच्या लुईस सुआरेझला नव्या प्रशिक्षकाने, कोमनने, ‘तू माझ्या योजनेत नाहीस’ असं फोनवर कळवलं. पगार वाचवायचा होता. त्याला दिलं कुणाला, तर त्याच लीगमधल्या अ‍ॅटलेटिकोला, आणि तेही सगळ्या अटी पूर्ण झाल्या तरी 60 लाख युरोंना. त्याच्या तोडीचा ‘नऊ नंबर’ हातात नसताना! सुआरेझने लीगमध्ये 21 गोल केले. शेवटच्या दिवशी वायादोलिदला विजेतेपदाचा निर्णायक गोलही त्याचाच. सामना संपल्यावर तो मैदानात बसून फोनवर घरच्यांशी बोलत रडत होता. बार्सिलोना तिसरं आलं.

रोनाल्डोचं उदाहरण दोन्ही बाजू आपापल्या सोयीने वापरतात. रेआलने 2009 मध्ये 9.4 कोटी युरोंना घेतलेला, 438 सामन्यांत 450 गोल केलेला खेळाडू 33 व्या वर्षी 10 कोटींना विकणं हा व्यवहार म्हणून निव्वळ चमत्कार. पण आलेला पैसा वर्षभराने गेला कुठे? एडन अझारवर. त्याने चार हंगामांत 76 सामने खेळून सात गोल केले. रेआलला वाचवलं ते आधीपासून घरात असलेल्या करीम बेंझेमाने, तेही तिशी उलटल्यावर. विकण्यात रेआल चुकलं नाही, विकत घेण्यात चुकलं.

आपल्याकडे एफसी गोवाने हा प्रश्न गमतीदार रीतीने सोडवला. फेरान कोरोमिनास, म्हणजे मडगावच्या फातोर्डा स्टेडियमचा लाडका कोरो, तीन हंगामांत 48 गोल करून 2020 मध्ये गेला तेव्हा 37 वर्षांचा होता. आता तरणाबांड कुणी आणतील असं वाटत असताना त्यांनी आणला 36 वर्षांचा इगोर अँगुलो! त्याने पहिल्याच हंगामात 14 गोल करून गोल्डन बूट पटकावला. वर्षभरात तो मुंबई सिटीत गेला आणि तिथेही त्याने दहा गोल केले. इंडियन सुपर लीगमधल्या परदेशी खेळाडूंचे करार मुळातच आखूड असतात, पुढे विकून पैसे येतील ही आशा कुणाला नसते. त्यामुळे बघायचं ते एवढंच, की गोल करतोय का.

2025 मध्ये इंग्लंडमधल्या तीन क्लबनी तीन उत्तरं दिली. लिव्हरपूलने मोहम्मद सलाहला एप्रिलमध्ये दोन वर्षं वाढवून दिली, आणि 29 गोल, 18 असिस्ट करणाऱ्याला ती देणं भागच होतं. मँचेस्टर सिटीने केव्हिन डी ब्रुइनला नवा करार देऊच केला नाही. तो नापोलीला फुकट गेला. टॉटनहॅमने सोन विकला, आणि पैशांपुरतं बोलायचं तर तिघांत चोख व्यवहार त्यांचाच.

पण सोलच्या त्याच सामन्यात जेम्स मॅडिसनच्या गुडघ्याला जबर दुखापत झाली आणि त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. म्हणजे एकाच आठवड्यात चेंडू पुरवणारा गेला आणि तो जाळ्यात घालणाराही. नव्याने आणलेल्या कुदुसवर मोठा पैसा टाकला होता खरा, पण तो मुख्यतः उजवीकडचा. डावीकडे मातिस तेल होता, ओदोबेर होता. दोघेही विशीतले, दोघांकडेही तेव्हा वचनच जास्त होतं. लीगमध्ये सतरावा आलेला, पण युरोपा लीग जिंकलेला हा संघ पुढच्याच आठवड्यात उदिनेला सुपर कपमध्ये पॅरिस सेंट-जर्मेनसमोर उभा राहणार होता. तेव्हाचा प्रशिक्षक थॉमस फ्रँक देईल त्या यादीत डाव्या विंगवर कुणाचं नाव आहे, ते मला आधी बघायचं होतं.