कोचीच्या धक्क्यावर : जहाजाची सहल घ्यावी की आपले आपण हिंडावे?

आपल्या वस्त्यांतूनही आता समुद्रसफरीला निघणारी कुटुंबे दिसू लागली आहेत. कुणी निवृत्तीच्या फंडातून जातो, कुणी मुलाला कायमची नोकरी लागली म्हणून, तर कुठे चार घरे मिळून भिशी लावतात. २०२१ च्या सप्टेंबरात मुंबई बंदरातून कॉर्डेलिया जहाजाच्या फेऱ्या सुरू झाल्या आणि गोवा, कोची, लक्षद्वीप ही नावे घरोघरी बोलली जाऊ लागली. ज्यांच्या आजोबांनी याच गोदीत पाठीवर पोती वाहिली, त्यांच्या नातवंडांनी तिथूनच रीतसर तिकीट काढून जहाजात चढावे, यात कुणी नाक मुरडण्याचे कारण नाही. मात्र पैसा घामाचा आहे, तेव्हा तो कुठे सोडायचा आणि कुठे राखायचा हे आधी ठरवलेले बरे.

खरा प्रश्न जहाज बंदराला लागण्याच्या आदल्या संध्याकाळी उभा राहतो. उद्या कोची. जहाजावरचा माणूस छापील कागद पुढे करतो : वातानुकूलित बस, सोबत गाइड, चार-पाच ठिकाणे, दर माणशी अमुक रुपये. शेजारच्या खोलीतल्यांनी नावे दिलेली असतात. मग आपली माणसेही लाजेकाजेस्तव नावे देऊन मोकळी होतात. वाचक बंधू-भगिनींनो, जरा थांबा आणि हिशेब करा.

पहिली गोष्ट, सहलीचा भाव माणशी असतो, रिक्षाचा भाव गाडीचा असतो. नवरा-बायको दोघेच असतील तर फरक एक वेळ सोसेल. पण आजी, दोन मुले आणि सासूबाई धरून सहा माणसे असतील, तर तोच आकडा सहा वेळा भरावा लागतो. तेवढ्यासाठी दोन रिक्षा दिवसभर आपल्या दारात उभ्या राहतील. त्यात जहाजावरचे दुपारचे जेवण तिकिटात आधीच भरलेले असते. सकाळी लवकर उतरून दुपारी जेवायला परत आलात, तर बाहेरचा तोही खर्च वाचतो.

मग लोक सहल घेतात ती कशासाठी? बस आणि गाइड तर बाहेरही मिळतात. जहाजाच्या सहलीत आपण खरे विकत घेतो ती वेळेची हमी. साधारण रीत अशी की जहाजाने स्वतः नेलेली बस वाटेत अडकली तर जहाज तिच्यासाठी थांबते. आपण आपल्या मर्जीने गेलो आणि उशीर झाला तर ते थांबत नाही. मग पुढच्या बंदरापर्यंत स्वखर्चाने जा, नाहीतर रेल्वेने घर गाठा. ही हमी खोटी नाही. पण ती कुठे लागते आणि कुठे लागत नाही, हे ज्याचे त्याने पाहावे.

कोचीत ती फारशी लागत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. प्रवासी जहाजे लागतात ती विलिंग्डन बेटावर. हे बेट म्हणजे इंग्रजांच्या काळात बंदर खोल करताना उपसलेल्या गाळाची भर घालून वाढवलेली जमीन. रॉबर्ट ब्रिस्टो नावाच्या इंजिनिअरच्या देखरेखीखाली हे काम झाले. बेटाच्या एका बाजूला एर्नाकुलम शहर, दुसऱ्या बाजूला मट्टनचेरी आणि फोर्ट कोची. दोन्हीकडे जायला पूल आहेत आणि सरकारी बोटीही आहेत. एप्रिल २०२३ मध्ये वॉटर मेट्रो सुरू झाली तेव्हा तिचे कमीत कमी तिकीट २० रुपये होते. २०२४ मध्ये तिची बोट फोर्ट कोचीला जाऊ लागली आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मट्टनचेरी व विलिंग्डन बेट या दोन्ही ठिकाणी तिचे धक्के उघडले. म्हणजे जहाजातून उतरा, बंदराच्या फाटकाबाहेर रिक्षा करा, बेटावरचाच बोटीचा धक्का गाठा आणि पलीकडे जा. मुलांना या बोटीचीच मजा अधिक वाटेल.

फोर्ट कोचीत चिनी जाळी आहेत, ती पाण्यात उतरताना आणि वर येताना उभे राहून पाहावीत. त्याला तिकीट नाही. जवळच सेंट फ्रान्सिस चर्च. वास्को द गामा १५२४ च्या डिसेंबरात कोचीत वारला आणि त्याला इथे पुरले; पुढे काही वर्षांनी अस्थी पोर्तुगालला नेल्या. तिथून रिक्षाने वेळी भागातल्या धोबीखान्याला जरूर जा. तमिळ वण्णान समाजाची माणसे इथे पिढ्यान्‌पिढ्या कपडे धुतात. ज्याचा त्याचा धुण्याचा कट्टा वेगळा, वाळवायला दोऱ्यांची रांग, भाताच्या पेजेची खळ, आणि उचलताना हात भरून येईल अशी जड इस्त्री. राजवाड्यांपेक्षा हे बघायला मला जास्त आवडते. काम करणाऱ्या माणसाला काम करणारी माणसे बघण्यात कंटाळा येत नाही.

मट्टनचेरीतला डच पॅलेस मुळात पोर्तुगीजांनी बांधून कोचीच्या राजाला दिला, डचांनी तो पुढे दुरुस्त केला. शुक्रवारी तो बंद असतो. पलीकडचे परदेशी सिनेगॉग, म्हणजे यहुद्यांचे प्रार्थनास्थळ, १५६८ चे. शनिवार त्यांच्या विश्रांतीचा वार, त्या दिवशी दार बंद. शुक्रवारचाही भरवसा धरू नये. जहाज शुक्रवारी किंवा शनिवारी लागणार असेल तर हे आधी ध्यानात ठेवा, नाहीतर बाहेरून भिंती बघून यावे लागेल.

आता गाइडविषयी. या सिनेगॉगात गाइड चीनहून आणलेल्या निळ्या फरश्या दाखवतो, वरची काचेची झुंबरे दाखवतो आणि बाहेर काढतो. फरश्या सुंदर आहेत, प्रश्नच नाही. पण याच प्रार्थनास्थळात पूर्वी गुलामगिरीतून सुटलेल्या यहुद्यांच्या वंशजांना इतरांच्या बरोबरीने बसू देत नसत. धर्म एक, ग्रंथ एक, आणि यांची जागा बाहेरच्या दालनात! त्यांच्यातलेच अब्राहम बराक सालेम (१८८२ ते १९६७) वकील झाले आणि त्यांनी सत्याग्रहाच्या मार्गाने या भेदाविरुद्ध झगडा दिला. देवाच्या दारात कुणाला कुठवर येऊ द्यायचे, हा प्रश्न आपल्याला नवा नाही. मुलांना फरश्या दाखवाल तेव्हा बाहेरचे ते दालनही दाखवा.

तेच बाजार रोडचे. बस तिथे थांबली तर मसाल्याच्या मोठ्या दुकानापाशी थांबते. (कमी पैशांत सगळे कोची फिरवतो म्हणणारे काही रिक्षावालेही अशाच दुकानांत नेतात, कारण तिथे त्यांना कमिशन असते. 'दुकान नको' असे बसण्याआधीच सांगावे. मिरी-वेलची घ्यायची तर एर्नाकुलमच्या ब्रॉडवे बाजारात घ्यावी.) या मट्टनचेरीत गोदी कामगारांना 'चाप्पा' पद्धतीने काम मिळे. मुकादम धातूचे बिल्ले गर्दीत फेकायचा. ज्याच्या हाती बिल्ला लागेल त्याला त्या दिवसाची मजुरी, बाकीचे उपाशी. माणसे एकमेकांच्या अंगावर पडून बिल्ले वेचत. याविरुद्धच्या लढ्यात १५ सप्टेंबर १९५३ रोजी पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि कामगारांचे प्राण गेले. २०२३ साली यावर 'तुरमुखम' नावाचा मल्याळी चित्रपटही निघाला. ज्यांच्या घरात कुणी मुंबईच्या गोदीत बदली कामगार म्हणून फाटकावर ताटकळले असेल, त्यांना हे निराळे सांगायला नको.

सगळेच गाइड कोरडे असतात असे नव्हे. फोर्ट कोचीत परवाना असलेला स्थानिक गाइड दोन-तीन तासांपुरता मिळाला, तर चार कुटुंबांनी मिळून तो जरूर घ्यावा आणि आपल्याला काय ऐकायचे आहे ते त्याला आधी सांगावे. पैसे थेट त्याच्या हातात जातात.

मात्र दोन वेळा जहाजाचीच सहल घ्यावी. घरात गुडघ्याचा त्रास असलेली किंवा दम लागणारी वडीलधारी माणसे असतील, तर बोटीत चढउतार आणि फुटपाथवरची पायपीट त्यांच्यावर लादू नये. आणि आलप्पुळाला हाउसबोट बघायला जायचे असेल तर. तो रस्ता पन्नासेक किलोमीटरचा आहे आणि अरूर-तुरवूर पट्ट्यात गेली काही वर्षे उंच महामार्गाच्या कामापायी वाहने रखडत आली आहेत. तिथे ती वेळेची हमी पैसे देऊन घेण्यासारखी आहे. लक्षद्वीपची तर बातच वेगळी. तिथे परवाना लागतो, जहाज बेटापासून लांब उभे राहते आणि लहान बोटीने नेतील तसे जावे लागते.

आपले आपण हिंडणार असाल तर मूळ ओळखपत्र आणि जहाजाचे कार्ड खिशात हवे, कारण फाटकावर सुरक्षा दलाचे जवान तपासणी करतात. जहाज सुटण्याची वेळ आणि सर्वांनी चढण्याची वेळ वेगळी असते. दुसरी लिहून घ्या आणि तिच्याही दीड तास आधी फाटकात या. जहाजावरच्या चौकशी टेबलाचा व बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर एका मोबाइलवर नको, दोघांकडे असू द्या.

जमल्यास शेवटचा तासभर एर्नाकुलमसाठी ठेवा. हायकोर्ट धक्क्यावरून समोर बोलगाट्टी दिसते, ते मुळवुकाड बेटाचे टोक. या बेटावर १९१२ साली पुलया समाजात दाक्षायणी वेलायुधन जन्मल्या. पुढे संविधान सभेत निवडून आलेल्या त्या एकमेव दलित महिला. स्वतंत्र मतदारसंघाच्या प्रश्नावर त्यांचे बाबासाहेबांशी जमले नाही, हेही खरे आहे. पण त्या सभेत त्या होत्या आणि बोलल्या. त्या वर्षाच्या बाळ असताना, १९१३ मध्ये, पुलया लोकांना सभा भरवायला राजाच्या जमिनीवर जागा मिळेना. तेव्हा पंडित करुप्पन आणि त्यांच्या सोबत्यांनी याच खाडीत होड्या एकमेकींना बांधल्या, वर फळ्या टाकल्या आणि पाण्यावर सभा घेतली. जमीन राजाची, पाणी कुणाचे? महाडच्या चवदार तळ्याआधी १४ वर्षे ही सभा झाली. तिथे उभे राहून समोरच्या पाण्याकडे पाहिले म्हणजे झाले, तिकीट काही नाही.

तिथून महाराजाज कॉलेज रिक्षाने जवळ आहे. दाक्षायणीबाई तिथे रसायनशास्त्र शिकल्या. प्रयोगाच्या साहित्याला हात लावू देत नसत, म्हणून लांबून पाहून शिकल्या, असे सांगतात. कॉलेज बघून झाले की बोटीसाठी परत फिरू नका. रिक्षावाल्याला वेंडुरुत्ती पुलावरून विलिंग्डन बेट सांगा आणि जहाजाचे कार्ड हातात काढून ठेवा.