नोकरीतली सुईण, चळवळीतली आवा केईता

सरकारी नोकरी आहे, म्हणून चळवळीत उघड येता येत नाही, हे आम्ही पुष्कळ शिकलेल्यांकडून ऐकले आहे. पश्चिम आफ्रिकेतील मालीच्या आवा केईता यांनाही सरकारी नोकरीच होती. १९१२ साली बामाकोत जन्म. आईचा विरोध डावलून वडिलांनी शाळेत घातले आणि १९३१ मध्ये डाकारहून त्या शिकलेली सुईण होऊन बाहेर पडल्या. देश तेव्हा फ्रेंचांच्या ताब्यात होता.

१९४६ पासून त्या स्वातंत्र्यवादी पक्षाचे काम करू लागल्या. १९५१ मध्ये त्यांनी फ्रेंच नागरिकत्व सोडले. शिक्षा म्हणून बदली झाली ती थेट सेनेगलच्या कासामान्स भागात! बाईंनी पक्ष सोडला नाही.

घरचे वेगळेच. नवरा डॉक्टर, चळवळीतलाच. पण मूल होत नाही म्हणून सासूच्या हट्टापायी १९४९ साली संसार मोडला. दुसऱ्यांची बाळंतपणे करणाऱ्या बाईची ही गत! पुरोगामी नवऱ्यांबद्दल आम्ही अधिक बोलत नाही.

१९५९ मध्ये त्या संसदेत निवडून गेल्या. देश स्वतंत्र झाल्यावर १९६२ च्या विवाह कायद्यासाठी झटल्या. वधूची संमती आवश्यक ठरली, वधूमूल्याला मर्यादा आली. बहुपत्नीत्व मात्र उरलेच. हिंदू कोड बिलाचे काय झाले हे जाणणाऱ्या आमच्या वाचकांना अशा अर्ध्या विजयाचे मोल वेगळे सांगायला नको.

१९६८ च्या लष्करी उठावात त्यांच्या पक्षाचे सरकार गेले. १९७५ साली त्यांचे आत्मचरित्र आले. त्यात निवडणुकांइतक्याच आस्थेने त्यांनी बाळंतपणेही लिहिली आहेत.