डोंगरमाथ्यावरचा निरोप्या

रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर, अलिबागच्या दक्षिणेस, आक्षी आणि चौल ह्यांच्या मध्ये नागाव वसले आहे. एका बाजूस समुद्राची लांबच लांब पुळण, तिच्या काठाने सुरूची झाडे आणि आत नारळीपोफळींच्या गर्द वाड्या, असे हे गाव. एरवी येथे निरोप पोचवण्याची अडचण कोणास भासत नाही. घरोघरी मोबाइल आहे. वाडीत बसून मुंबईशीच काय, परदेशाशीही बोलता येते. परंतु 3 जून 2020 रोजी दुपारी ‘निसर्ग’ नावाचे चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनाऱ्यावर येऊन आदळले आणि ताशी 110 ते 120 किलोमीटर वेगाच्या वाऱ्याने ही सोय काही तासांत हिरावून घेतली. अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन ह्या तालुक्यांत हजारो झाडे उन्मळून पडली, विजेचे खांब वाकले, तारा तुटल्या आणि मोबाइलचे मनोरे मुके झाले. कित्येक गावांत अनेक दिवस वीज नव्हती. शेजारच्या गावातील आप्त सुखरूप आहेत की नाहीत, हे कळण्यास तेथवर चालत जाण्यावाचून गत्यंतर उरले नाही.

असे का झाले? मोबाइलचा मनोरा एकटा काम करीत नाही. त्याला वीज लागते, दूरच्या केंद्राशी जोडणारी वाहिनी लागते आणि त्या केंद्रातील यंत्रेही चालू असावी लागतात. साखळीची एक कडी तुटली की सारी साखळी निकामी होते. अशा वेळी उपयोगी पडते ते स्वतंत्रपणे चालणारे साधन, म्हणजे हौशी रेडिओ. जगभर ‘हॅम’ ह्या नावाने ओळखले जाणारे हे हौशी लोक शासनाची परीक्षा देऊन परवाना मिळवतात आणि कोणताही मोबदला न घेता एकमेकांशी रेडिओवरून संभाषण करतात. आपल्या देशात वयाची बारा वर्षे पूर्ण झालेल्या मुलामुलींनाही ही परीक्षा देता येते. 26 डिसेंबर 2004 रोजी त्सुनामीच्या लाटांनी अंदमानास तडाखा दिला, तेव्हा हौशी रेडिओचालकांचा एक गट पोर्ट ब्लेअर येथे होता. दूरध्वनी बंद पडले असता त्या गटाने बेटांवरील लोकांची खबर मुख्य भूमीपर्यंत पोचवली.

अंदमानाहून आलेले ते संदेश लघुलहरींवरून आले. ह्या लहरी आकाशातील उंच विद्युन्मय थरांवरून परावर्तित होऊन दूर जातात. हातात मावणाऱ्या छोट्या रेडिओच्या लहरींचे तसे नाही. त्या बहुधा दिव्याच्या प्रकाशाप्रमाणे सरळ रेषेत जातात आणि पृथ्वीचा गोलावा त्यांच्या आड येतो. त्यांचे क्षितिज किती दूर आहे, हे काढण्याची एक सोपी रीत आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यावी, तिचे वर्गमूळ काढावे आणि त्यास 4.1 ने गुणावे. म्हणजे क्षितिजाचे अंतर सुमारे किती किलोमीटर, ते मिळते. पुळणीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातातील रेडिओ जमिनीपासून दीड मीटर उंच धरला, तर त्याचे क्षितिज पाच किलोमीटरवर येते. वाड्या आणि टेकड्या आड आल्या की हा पल्ला आणखी आखडतो. तोच अँटेना सागरगडासारख्या सुमारे 400 मीटर उंचीच्या माथ्यावर असता, तर त्याचे क्षितिज 80 किलोमीटरांच्याही पलीकडे गेले असते.

माणसाला प्रत्येक वेळी डोंगर चढून बोलता येत नाही; म्हणून माथ्यावर एक निरोप्या बसवतात. त्यालाच रिपीटर म्हणतात. तो खालून आलेला क्षीण आवाज ऐकतो आणि त्याच क्षणी तो अधिक जोराने सर्व दिशांना पुन्हा ऐकवतो. ऐकण्याची आणि बोलण्याची लहर एकच असती, तर त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला असता. म्हणून दोन लहरींत थोडे अंतर ठेवतात. दोन मीटर लांबीच्या लहरींचा जो पट्टा हौशी लोक वापरतात, त्यात हे अंतर सहसा 600 किलोहर्ट्झ असते, म्हणजे 145.0 मेगाहर्ट्झवर ऐकले, तर 145.6 वर बोलायचे.

तरीही एक अडचण राहते. रिपीटर 25 वॉट शक्तीने बोलत असताना, वॉटच्या अब्जाव्या भागाहूनही सूक्ष्म असा आवाज त्याला ऐकायचा असतो. वाजणाऱ्या ढोलाजवळ बसून मुंगीची चाहूल घेण्यासारखेच हे काम. त्यासाठी डुप्लेक्सर नावाचे उपकरण लागते. त्यात धातूची पोकळ नळकांडी असतात. रिकाम्या घागरीच्या तोंडाशी गायले असता ती एका ठराविक सुरालाच घुमते. त्याप्रमाणे प्रत्येक नळकांडे एका ठराविक लहरीला साद देते. बोलण्याची लहर त्यामुळे कानापर्यंत जात नाही आणि एकच अँटेना दोन्ही कामे करू शकतो. यंत्रसामग्री घेताना ह्या उपकरणात काटकसर करू नये. ज्याला ऐकू येत नाही, तो कितीही मोठ्याने बोलला तरी निरोप्या म्हणून निरुपयोगीच.

आता अँटेनाची निवड पाहू. बाजारात अधिक ‘लाभ’ देणारे अँटेना मिळतात आणि अधिक लाभ म्हणजे अधिक चांगले, असा नवख्याचा समज होतो. परंतु अँटेना नवी शक्ती निर्माण करीत नाही. कंदिलामागे आरसा ठेवला तर एका बाजूस उजेड वाढतो, तो दुसऱ्या बाजूचा घेऊनच. रिपीटरचा उंच आणि जास्त लाभाचा अँटेना आपली शक्ती आकाशाकडून आणि जमिनीकडून काढून घेऊन क्षितिजाच्या दिशेने एका पातळ थरात पसरवतो. सपाट प्रदेशात हे हिताचे असते. उंच डोंगरावर मात्र हा थर पायथ्याच्या गावांच्या डोक्यावरून समुद्राकडे निघून जाण्याचा संभव असतो. दूरच्या नावेला आवाज ऐकू यावा आणि पायथ्याच्या नागावकराला येऊ नये, असा प्रकार घडू शकतो. म्हणून अशा ठिकाणी बेताच्या लाभाचा, किंवा ज्याचा झोत किंचित खाली वळवलेला आहे असा अँटेना योग्य ठरतो. हातातील रेडिओचा अँटेना उभा असतो, म्हणून रिपीटरचाही उभाच असावा. एक उभा आणि एक आडवा असल्यास फार मोठी घट येते.

किनाऱ्यावरील प्रदेशात बांधणीचाही विचार करावा लागतो. फायबरग्लासच्या नळीतील लांब अँटेना दिसण्यात सुबक असतो. पण त्याच्या आत अनेक जोड असतात आणि वाऱ्याने डुलून डुलून एखादा जोड सुटला, तर तो बाहेरून दिसत नाही. जाड नळीचे, दोन्ही टोके दुमडून जोडलेले आणि खांबाला पक्के बांधलेले द्विध्रुव अँटेना जड असतात खरे. परंतु त्यांची रचना डोळ्यांना दिसते, दुरुस्त करता येते, आणि बहुतेकांची धातूची चौकट खांबाशी जोडलेली असल्यामुळे विजेपासूनही त्यांस काहीसे संरक्षण मिळते. गावातील घरावर बसवायचा अँटेना मात्र वेगळा असावा. त्याला एकाच डोंगराकडे पाहायचे असते. म्हणून 1926 च्या सुमारास जपानमधील उदा व यागी ह्या शास्त्रज्ञांनी पुढे आणलेला, माशाच्या काट्यासारखा दिसणारा एकदिशी अँटेना तेथे उत्तम.

अँटेना आणि यंत्र ह्यांना जोडणाऱ्या केबलकडे पुष्कळांचे दुर्लक्ष होते. ह्या लहरींवर 30 मीटर लांबीच्या बारीक केबलमधून जाताना सुमारे तीन चतुर्थांश शक्ती वाटेतच उष्णतेच्या रूपाने नाहीशी होते. अर्धा इंच जाडीची, ताठ तांब्याच्या आवरणाची केबल वापरली, तर पाचांतील चार भाग शक्ती वर पोचते. येणाऱ्या क्षीण आवाजालाही हाच नियम लागू आहे.

ह्या साऱ्यांचा खरा शत्रू म्हणजे समुद्रावरून येणारी खारी हवा. तांबे आणि अ‍ॅल्युमिनिअम एकमेकांस टेकून खाऱ्या ओलाव्यात राहिले की अ‍ॅल्युमिनिअम झिजू लागते. गंजलेला जोड केवळ कमकुवत होत नाही. रिपीटर बोलू लागताच तो खरखर निर्माण करतो आणि ऐकणे बिघडवतो. म्हणून बोल्ट व पट्ट्या न गंजणाऱ्या पोलादाच्या घ्याव्यात आणि दोन भिन्न धातू थेट एकमेकांस टेकू देऊ नयेत.

मी पाहिलेल्या एका केंद्राची हकीकत येथे सांगण्याजोगी आहे. मे महिन्यात तेथे सारे ठाकठीक होते. जुलैत आवाज क्षीण होत गेला. मापकावर मात्र दोष दिसेना. अखेर केबलचे खालचे टोक सोडवले, तो त्यातून पाणी ठिबकले. वरच्या जोडावर रबरी पट्टी वरून खाली गुंडाळलेली होती; तिच्या प्रत्येक वेढ्याची कड वर उघडी राहून पाऊस झेलत होती. आपल्याकडे कौले शाकारताना वळचणीपासून आरंभ करून वर जातात, हे कोकणातल्या मुलांना सांगावयास नको. वरचे कौल खालच्यावर चढले, तरच पाणी ओघळून जाते. पट्टीही तशीच खालून वर गुंडाळली पाहिजे. शिवाय केबल खोलीत शिरण्यापूर्वी तिला खाली एक वळसा द्यावा, म्हणजे तिच्यावरून आलेले पाणी तेथेच गळून पडते.

ह्या प्रसंगात मापकाने दगा का दिला, हेही समजून घ्यावे. अँटेनाकडून परत फिरणारी शक्ती मापक दाखवतो. त्यावर आकडा 1 असणे उत्तम. 2 असेल तर सुमारे नववा भाग परत फिरतो आणि 3 असेल तर चौथा. पण भिजलेली केबल जाणारी आणि परतणारी अशी दोन्ही शक्ती गिळून टाकते; त्यामुळे आकडा उलट चांगला दिसतो. म्हणून केवळ मापकावर भिस्त न ठेवता प्रत्यक्ष ऐकून खात्री करावी. आक्षीचा शिलालेख, नागावची पुळण, चौलचे रामेश्वराचे देऊळ, रेवदंड्याचा किल्ला अशा ठराविक जागा नेमाव्यात, ठराविक रेडिओ घेऊन तेथे उभे राहावे आणि आवाज कसा आला ते तारखेसह वहीत टिपावे. मागच्या नोंदीशी ताडून पाहिले की बिघाड लहान असतानाच ध्यानात येतो.

वारा आणि वीज ह्यांचाही बंदोबस्त हवा. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा दाब चौपट होतो. जो खांब ताशी 60 किलोमीटरच्या वाऱ्यात स्थिर उभा राहतो, त्याला 120 च्या वाऱ्यात चौपट रेटा सोसावा लागतो. म्हणून ताण दिलेल्या तारा आणि त्यांचे खुंट दरवर्षी तपासावेत. खांब, केबलचे आवरण आणि यंत्रे ही सर्व एकाच भूयोजनाला जोडावीत. खडकाळ माथ्यावर एका कांबीने भागत नाही. अनेक कांबी दूर दूर पुरून एकमेकींस जोडाव्या लागतात.

राहता राहिली वीज. समजा, ऐकताना रिपीटर 1 अँपिअर आणि बोलताना 8 अँपिअर विद्युत्‌प्रवाह घेतो आणि संकटाच्या दिवशी 24 तासांपैकी 6 तास बोलतो. मग दिवसाचा खर्च 18 अधिक 48, म्हणजे 66 अँपिअर-तास झाला. तीन दिवसांचा 198. शिशाची बॅटरी निम्म्याहून अधिक रिकामी करू नये. तेव्हा सुमारे 400 अँपिअर-तासांची साठवण हवी. ही फार मोठी वाटल्यास बोलण्याची शक्ती कमी करावी. उंचीचा लाभ आधीच मिळालेला असल्यामुळे शक्ती निम्मी केली तरी ऐकणाऱ्यास फारसा फरक जाणवत नाही. सौरपट्ट्या जोडाव्यात, पण वादळानंतर आकाश कित्येक दिवस झाकोळलेले असते, हे विसरू नये.

रिपीटर उभारण्यास केंद्र शासनाची परवानगी लागते आणि पैसाही लागतो. ह्या दोन्ही गोष्टी उत्साहाच्या भरात जमून येतात. कठीण जाते ते पुढे वर्षानुवर्षे वैशाखाच्या उन्हात आणि पुन्हा दिवाळीच्या सुमारास डोंगर चढून एकेक जोड, एकेक बोल्ट आणि बॅटरीचा एकेक कोष तपासणे. त्या दिवशी कोणतेही संकट नसते. कोणी पाहत नसते, कोणी शाबासकीही देत नसते.

नागावच्या वाड्यांतून जुन्या विहिरी आहेत. त्यांचा गाळ उन्हाळ्यात, पाणी खोल गेलेले असताना काढतात. तहान लागल्यावर विहीर खणू नये, असे आपण म्हणतो. खणलेल्या विहिरीचा गाळही वेळीच उपसावा लागतो, हे मात्र विसरतो. पुढचे वादळ केव्हा येईल, ते कोणास ठाऊक! ते येईल त्या दिवशी एखाद्या मुलीने हातातील रेडिओचे बटण दाबून मदत मागितली, तर डोंगरमाथ्यावरचा निरोप्या ‘ओ’ देईल की नाही, हे त्या दिवशी ठरणार नाही. ते त्याआधीच्या शांत दिवसांत कोणी माथा चढून गेले होते की नाही, ह्यावर ठरेल.