मोजणी थांबते तिथून पुढे

मंडळी, आज एकच प्रश्न घेऊ. एखादी गोष्ट लाखो वेळा खरी ठरली, म्हणजे ती कायमची खरी झाली का?

गाउसने पंधरा-सोळाव्या वर्षीच मूळ संख्यांची कोष्टकं पाहून ओळखलं, की पुढे जावं तशा त्या लॉगरिदमच्या हिशेबाने विरळ होतात. त्यावरून त्या मोजण्याचं एक अंदाजी सूत्र मिळतं. दहा लाखांपर्यंत मूळ संख्या आहेत ७८,४९८. सूत्र सुमारे १३० जास्त सांगतं. पुढेही जिथवर मोजलं, तिथवर अंदाज जास्तच. मग ‘नेहमीच जास्त’ म्हणायला काय हरकत आहे?

हरकत आहे! रीमानच्या १८५९ च्या निबंधाने दाखवलेल्या वाटेने जाऊन लिटलवुडने १९१४ मध्ये सिद्ध केलं, की खरी संख्या अंदाजाच्या पुढे जाते, तेही अनंत वेळा. आणि गंमत बघा, असं एकही ठिकाण आजवर प्रत्यक्ष मोजून सापडलेलं नाही. तरीही ते आहे, हे निश्चित.

ही सिद्धता इंगहॅमच्या १९३२ च्या छोट्या पुस्तकात आहे. पेन्सिल घेऊन वाचा. एका पानाला आठवडा लागला तरी चालेल. अनुभव आणि ज्ञान यांतला फरक तिथे नीट कळतो.