शिसे मुरलेली माती आणि कंपोस्ट

अमेरिकेतील बॉस्टन, शिकागो यांसारख्या जुन्या शहरांत परसबागेच्या मातीत शिसे मुरलेले आढळते. ते आले घरांच्या जुन्या रंगांतून आणि मोटारींच्या धुरातून. घरगुती रंगांतील शिशावर तेथे १९७८ मध्ये बंदी आली, रस्त्यावरील वाहनांचे शिसेयुक्त पेट्रोल १९९६ मध्ये थांबले. परंतु मातीतील शिसे कुजत नाही. जुन्या थकबाकीप्रमाणे ते खात्यावर तसेच राहते.

कंपोस्ट शिसे नष्ट करीत नाही, हे आधी स्पष्ट असावे. ते मिसळल्याने शिशाचे प्रमाण विरळ होते. सेंद्रिय द्रव्य त्याला धरून ठेवते, आणि फॉस्फरसशी संयोग होऊन पायरोमॉर्फाइट नावाचे जवळजवळ अविद्राव्य खनिज बनू शकते. असे बांधलेले शिसे पोटात गेले तरी रक्तात कमी उतरते. भाजीपेक्षा मोठा धोका धुळीचा आहे. रांगणारे मूल मातीचा हात तोंडात घालते आणि हानी त्याच्या मेंदूला पोचते. म्हणून उघडी जमीनही आच्छादावी लागते.

कंपोस्टही तपासलेले हवे. मिश्र कचऱ्याच्या खतातून शिसे उलट वाढू शकते. भारताच्या खत नियंत्रण आदेशानुसार शहरी कंपोस्टमध्ये किलोमागे १०० मिलिग्रॅमपर्यंतच शिसे चालते.