‘वाटी बसली’ : एका शब्दप्रयोगाची मर्यादा
शिरूर-दौंडकडे गुडघ्याची वारंवार सरकणारी वाटी शस्त्रक्रियेने ‘बसली’, की गुडघा ‘बरा’ झाला असे म्हणतात. या ‘बरा’मध्ये दोन अर्थ मिसळले आहेत. १९३८ मध्ये हाउझर या अमेरिकी शल्यविशारदाने वाटीखालील कंडरेचे नडगीवरील मूळ आत व खाली हलविण्याची रीत मांडली. निखळणे पुष्कळ अंशी थांबले. पण नडगीच्या आकारामुळे ते मूळ मागेही सरके, वाटीवरील दाब वाढे आणि कालांतराने अनेक गुडघे झिजले. हल्ली आतील बाजूचा फाटलेला अस्थिबंध दुसऱ्या कंडरेने नव्याने उभारतात. त्यानंतर वाटी क्वचितच निखळते. तथापि पूर्वीच्या आघातांनी दुखावलेली कूर्चा त्याने भरून येत नाही. म्हणून उकिडवे बसून खुरपणी करणाऱ्या बाईला वाटी पुन्हा सरकली काय, एवढेच विचारून भागत नाही. बसता-उठता दुखते काय, हेही वर्षानुवर्षे विचारावे लागते.